वस्तुपाठापासून वर्णनलेखनाकडे : प्राथमिक शाळेतील इंद्रियानुभव आणि भाषा यांचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

‘वस्तुपाठ’ हा शब्द आज मराठीत ज्या अर्थाने रूढ आहे तो त्याचा मूळ अर्थ नव्हे. एखाद्या थोर व्यक्तीने आपल्या आचरणाने ‘वस्तुपाठ घालून दिला’ असे आपण म्हणतो, तेव्हा अनुकरण करण्याजोगा आदर्श आपल्याला अभिप्रेत असतो. एकोणिसाव्या शतकात मात्र हे प्राथमिक शाळेतील एका अध्यापनपद्धतीचे नाव होते. शिक्षकाने प्रत्यक्ष वस्तू वर्गात आणावी, मुलांनी ती पाहावी, हाताळावी, हुंगावी, शक्य असल्यास चाखावी आणि जे जाणवले ते स्वतःच्या शब्दांत सांगावे, अशी त्यामागील कल्पना होती. ज्या इंग्रजी संज्ञेवरून हा शब्द घडला तिच्याही अर्थात पुढे असाच बदल झाला. स्वतः पाहून सांगण्याच्या पाठाचे नाव दुसऱ्याचे पाहून गिरवण्याच्या आदर्शाला मिळावे, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सूचक आहे.

लहान मुलांना वर्णनपर लेखन कसे शिकवावे आणि त्या लेखनात रंग, ध्वनी, गंध, स्पर्श व चव यांची भाषा कशी आणावी, हा प्रश्न आज भाषाध्यापनाच्या पुस्तकांत एक तंत्र म्हणून चर्चिला जातो. त्याला किमान साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे. या इतिहासात एक घटना वारंवार घडलेली दिसते. मुलाच्या इंद्रियानुभवापासून सुरू झालेली प्रत्येक पद्धत काही काळाने विशेषणांच्या यादीत रूपांतरित होते आणि ती यादी मुलाच्या हाती आयती दिली जाते. असे का होते आणि त्यात कोणाचे नुकसान होते, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

कोमेनियस ते पेस्टालॉझी

या परंपरेचा आरंभ सामान्यतः योहान आमोस कोमेनियस (१५९२–१६७०) याच्यापासून मानला जातो. त्याचे ‘ऑर्बिस सेन्स्युआलियम पिक्टस’ हे सचित्र पुस्तक १६५८ मध्ये न्यूरेंबर्ग येथे प्रसिद्ध झाले. इंद्रियांना गोचर होणारे जग चित्रांतून दाखवणारे पुस्तक, असा त्याच्या नावाचा अर्थ. पुस्तकाच्या प्रारंभीची वर्णमाला विशेष लक्षणीय आहे. प्रत्येक अक्षराचा उच्चार कोणत्या तरी प्राण्याच्या किंवा निसर्गातील आवाजाशी जोडलेला असून कावळ्याच्या ओरडण्यापासून ती सुरू होते. म्हणजे मूल अक्षर शिकते ते आधी कानाने ऐकलेल्या जगातून. पुढील पानांवर मात्र चित्रांखाली क्रमांक आणि क्रमांकांसमोर लॅटिन व जर्मन शब्द अशी मांडणी आहे. मुलाने स्वतः काही वर्णन करावे, अशी अपेक्षा तेथे नाही.

ती अपेक्षा ठामपणे मांडली योहान हाइन्रिख पेस्टालॉझी (१७४६–१८२७) या स्विस शिक्षकाने. ‘आन्शाउंग’ ही त्याच्या विचारातील मध्यवर्ती संकल्पना होय. तिचे भाषांतर कोणी ‘निरीक्षण’ असे करतात, कोणी ‘प्रत्यक्ष प्रतीती’ असे. दुसरा पर्याय अधिक जवळचा वाटतो, कारण पेस्टालॉझीला केवळ डोळ्यांनी पाहणे अभिप्रेत नव्हते. वस्तूचा मनावर स्पष्ट ठसा उमटावा आणि त्या ठशातून शब्द यावा, हा क्रम त्याला महत्त्वाचा वाटत होता. त्याच्या काळातील शाळा नेमक्या उलट क्रमाने चालत. तेथे धर्मप्रश्नोत्तरी तोंडपाठ होई आणि अर्थ पुढे कधी तरी कळेल असे मानले जाई.

बर्गडॉर्फ येथील त्याच्या शाळेत शिकलेल्या योहानेस रामसाउअर याने पुढे आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. त्यांतील एक हकिगत शिक्षणाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. वर्गाच्या भिंतीवर जुनाट, जागोजागी फाटलेले आच्छादन होते. मुलांना त्याच्यासमोर दोन-दोन, तीन-तीन तास उभे राहावे लागे. तेथे काय दिसते असे गुरुजी विचारीत. आधी एखाद्याने भोक दिसते असे म्हणावे, मग ते भोक लांबट असल्याचे सांगावे, मग त्यामागे भिंत दिसते हे जोडावे. अशा रीतीने वाक्य वाढत जाई आणि प्रत्येक वाढीव वाक्य सर्व मुले एका सुरात म्हणत. आकृत्यांची संख्या, आकार, स्थान आणि रंग यांविषयीही असेच चाले.

या प्रसंगाची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळांनी केली आहे. तथापि त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत, त्या सुट्या करून पाहिल्या पाहिजेत. समोरच्या फाटक्या आच्छादनाकडे पाहून बोलण्यास सांगणे, ही त्या काळाच्या मानाने क्रांतिकारक गोष्ट होती. त्यासाठी पुस्तक लागत नव्हते, पैसा लागत नव्हता. गरिबातील गरीब शाळेतही भिंत होतीच. दुसरी गोष्ट म्हणजे एका मुलाचे वाक्य सर्वांच्या तोंडी देणे. ते वाक्य दुसऱ्या मुलाच्या तोंडी जाताक्षणी पाठांतर होते, मग ते धर्मप्रश्नोत्तरीतील असो की भिंतीवरील भोकाविषयीचे. पेस्टालॉझीच्या शाळेत या दोन्ही गोष्टी शेजारी-शेजारी नांदत होत्या. त्याच्या चरित्रकारांनी नोंदवलेला आणखी एक प्रसंग याला पूरक आहे. शिक्षक शिडीचे चित्र दाखवीत असता एका मुलाने, अंगणात खरी शिडी असताना चित्र कशाला, असा प्रश्न केला. पुढे खिडकीच्या चित्रावर पाठ सुरू झाला, तेव्हा त्याने वर्गातील खऱ्या खिडकीकडे बोट दाखवले. पेस्टालॉझीला हे कळले तेव्हा त्याने मुलाचे म्हणणे मान्य करून चित्रे बाजूला ठेवण्यास सांगितले. पद्धतीच्या जनकापेक्षा त्या मुलाला पद्धत अधिक चांगली समजली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

वस्तुपाठाचे ग्रंथीकरण

पेस्टालॉझीची इव्हर्दाँ येथील संस्था १८०५ ते १८२५ या काळात युरोपभरच्या शिक्षणप्रेमींचे तीर्थस्थान बनली होती. तेथे १८१९ ते १८२२ या काळात राहिलेला इंग्रज धर्मोपदेशक चार्ल्स मेयो याने आणि त्याची बहीण एलिझाबेथ मेयो हिने ही पद्धत इंग्लंडमध्ये रुजवली. एलिझाबेथचे ‘लेसन्स ऑन ऑब्जेक्ट्स’ हे पुस्तक १८३०च्या सुमारास प्रसिद्ध झाले. पुढे लंडनमध्ये १८३६ साली स्थापन झालेल्या शिशुशाळा संस्थेमार्फत या पद्धतीचे शिक्षक तयार होऊ लागले. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील ऑस्विगो येथे एडवर्ड शेल्डन याने १८६१ पासून याच संस्थेतून आणलेल्या शिक्षिकेच्या साहाय्याने वस्तुपाठाचे प्रशिक्षण सुरू केले.

मेयोबाईंच्या पुस्तकातील पहिला पाठ काचेवर आहे. शिक्षिका काचेचा तुकडा मुलांच्या हाती देते. ती चकाकते हे डोळ्यांना कळते. थंड व गुळगुळीत आहे हे हाताला कळते. काचेतून पलीकडचे दिसते हे मुलांनी खिडकीकडे पाहून सांगितले, की त्या गुणासाठी ‘पारदर्शक’ हा शब्द शिक्षिका देते. ती ठिसूळ आहे, हेही असेच पुढे येते. येथील एक तत्त्व आजही मोलाचे आहे. गुण आधी जाणवावा, तो सांगण्यासाठी शब्द अपुरा पडतो आहे असे मुलाला वाटावे आणि त्या क्षणी शिक्षकाने शब्द पुरवावा. लेखनाचाही विचार या पुस्तकात आहे. त्याचे पाठ पाच मालिकांत विभागलेले असून शेवटच्या मालिकेत मुलांनी निरीक्षणे क्रमाने लावून ती आठवणीने लिहून काढावीत, अशी अपेक्षा आहे. इंद्रियानुभवावर आधारित वर्णनलेखनाचा प्राथमिक शाळेतील हा एक आरंभीचा सुसूत्र आराखडा म्हणता येईल.

परंतु पुस्तकात पाठासोबत उत्तरेही छापलेली होती. काचेचे गुण कोणते हे शिक्षकाला आधीच ठाऊक झाल्यावर मुलांकडून नेमके तेच गुण वदवून घेणे ओघानेच आले. वर्ग मोठे होते, शिक्षक अल्पशिक्षित होते आणि निरीक्षक वर्षातून एकदा येऊन प्रश्न विचारीत असे. इंग्लंडमध्ये १८६२च्या सुधारित संहितेने शाळेचे अनुदान परीक्षेतील निकालाशी जोडले. मुंबई इलाख्यातील अनुदानित शाळांनाही निकालावर आधारलेल्या अनुदानाची पद्धत लागू झाली. निरीक्षकापुढे दाखवता येते ती यादीच. चार्ल्स डिकन्सने ‘हार्ड टाइम्स’ (१८५४) या कादंबरीत या दोषावर अचूक बोट ठेवले आहे. सर्कशीत घोड्यांच्या सहवासात वाढलेल्या मुलीला वर्गात घोड्याची व्याख्या सांगता येत नाही. घोड्यांशी तसा काही संबंध नसलेला एक मुलगा मात्र त्याच्या दातांच्या संख्येसह घडाघडा व्याख्या म्हणतो आणि शाबासकी मिळवतो. घोड्याचा वास, त्याच्या अंगाची ऊब, रात्री तबेल्यात होणारा खुरांचा आवाज हे सारे जिच्यापाशी आहे ती वर्गात अज्ञानी ठरते. प्रस्तुत विषयाच्या संदर्भात हा प्रसंग इंग्लंडपुरता मर्यादित राहत नाही.

मराठी शाळा : कोश आणि क्रमिक पुस्तक

मराठीतील शालेय पुस्तकांचा आरंभ आणि मराठीच्या आधुनिक कोशरचनेचा आरंभ एकाच काळातला आहे. काही अंशी माणसेही तीच आहेत. जेम्स मोल्सवर्थ याने जॉर्ज व थॉमस कँडी या बंधूंच्या आणि मराठी पंडितांच्या साहाय्याने सिद्ध केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला. त्याची १८५७ची दुसरी आवृत्ती सुमारे ६०,००० शब्दांची आहे. हा कोश चाळणाऱ्याला मराठीच्या ऐंद्रिय शब्दसंपत्तीचे आश्चर्य वाटल्याशिवाय राहत नाही. केवळ गंधाचा विचार केला तरी करपटाण, जळकटाण, आंबटाण, घामटाण असे शब्द मराठीत आहेत आणि यांतील प्रत्येक शब्द त्या दुर्गंधीचे मूळ सांगतो. स्पर्शासाठी खरखरीत, भरभरीत, राठ, बुळबुळीत, लुसलुशीत, मऊसूत. चवीसाठी तुरट, कडसर, अळणी, मचूळ, खवट. जमिनीच्या पोतासाठी मुरमाड, बरड, चोपण, चिबड, भुसभुशीत. ध्वनींची तर गणती नाही. पाणी खळखळते, झुळझुळते, ठिबकते आणि डुचमळते. पाने सळसळतात, वाळलेला पाचोळा कुरकुरतो, बांगड्या किणकिणतात. यांतील बहुतेक शब्द संस्कृतातून आलेले नाहीत. ते शेतात, चुलीपाशी, गोठ्यात आणि विहिरीच्या काठावर घडलेले आहेत.

शालेय पुस्तकांची भाषा मात्र वेगळ्या वळणाने गेली. थॉमस कँडी (१८०४–१८७७) हा सरकारी भाषांतरकार व शालेय पुस्तकांचा तपासनीस म्हणून दीर्घकाळ अधिकारपदावर होता. विरामचिन्हे रूढ करण्यापासून वाक्यरचना नियमबद्ध करण्यापर्यंत त्याचे काम मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु एका इलाख्यासाठी एक प्रमाण गद्य घडवण्याच्या या उद्योगात, कोशात सन्मानाने नोंदलेले कितीतरी शब्द क्रमिक पुस्तकाच्या उंबऱ्याबाहेर राहिले. पुस्तकी मराठी पुण्याकडील शिष्ट भाषेवर बेतलेली होती आणि विषय बहुधा नीतिपर किंवा माहितीपर असत. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणात शेतीच्या प्राथमिक ज्ञानाचा समावेश असावा, अशी मागणी केली होती. तिचा रोख अभ्यासक्रमाकडे होता, भाषेकडे नव्हे. तरीही चोपण आणि मुरमाड यांतला फरक पायाच्या तळव्याला कळणाऱ्या मुलाचे शब्द शाळेच्या पाटीवर यावयाचे, तर अशाच मागणीतून ते येणे शक्य होते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. खळखळ, सळसळ, किरकिर यांसारखे शब्द मराठी शाळेत शिकवले गेले नाहीत असे नाही. ते शिकवले गेले व्याकरणात. ‘अभ्यस्त शब्द’ या प्रकरणात पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक असे तीन प्रकार व त्यांची उदाहरणे विद्यार्थी पाठ करतात. प्रश्नपत्रिकेत ‘पुढीलपैकी अनुकरणवाचक शब्द ओळखा’ असा प्रश्न येतो. लेखनाची वही उघडली की मात्र हे शब्द आठवावेत असे त्याला कोणी सुचवत नाही. मराठीचे सर्वांत जिवंत शब्द अशा रीतीने वर्गीकरणाचे नमुने बनून राहिले.

अंध मुलांच्या शिक्षणातील पुरावा

शब्द आणि अनुभव यांच्यात पडणारे अंतर किती खोल असू शकते, याचा ठळक पुरावा अंध मुलांच्या शिक्षणाच्या इतिहासात सापडतो. १८८७च्या एप्रिलमध्ये अॅन सलिव्हनने सहा वर्षांच्या हेलन केलरचा एक हात पंपाच्या पाण्याखाली धरला आणि दुसऱ्या तळहातावर ‘पाणी’ हा शब्द बोटांनी लिहिला, हा प्रसंग सर्वपरिचित आहे. आधी स्पर्श, मग शब्द, या क्रमाचे याहून उत्तम उदाहरण नसेल.

त्यापुढची चर्चा तितकी परिचित नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉमस कट्सफोर्थ यांना स्वतःला बालपणी अंधत्व आले होते. त्यांनी १९३०च्या दशकाच्या प्रारंभी जन्मांध मुलांना वस्तूंची नावे देऊन त्यांचे गुण सांगण्यास सांगितले. त्यांच्या उत्तरांत डोळसांनी वापरावयाची दृश्य विशेषणे मोठ्या प्रमाणात आली. हाताला, नाकाला, जिभेला जे प्रत्यक्ष ठाऊक होते ते बाजूला सारून मुले न पाहिलेले रंग सांगत होती, कारण वर्गात तेच उत्तर योग्य समजले जाई. कट्सफोर्थ यांनी याला शब्दांचा पोकळपणा मानले आणि डोळसांच्या भाषेचे ओझे अंध मुलांवर लादणाऱ्या शाळांवर कठोर टीका केली.

या निष्कर्षाला पुढे आव्हानही मिळाले. बार्बरा लँडाऊ आणि लीला ग्लाइटमन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका जन्मांध बालिकेला ‘पाहा’ या शब्दाचा स्वतःचा असा नेमका अर्थ ठाऊक असल्याचे दाखवले. वर पाहा असे सांगितल्यावर ती हात वर करी. डोळे बांधलेली डोळस मुले मात्र मान वर करीत. तिच्या लेखी पाहणे म्हणजे हातांनी धुंडाळणे. म्हणजे उसना दिसणारा प्रत्येक शब्द पोकळ असतोच असे नाही. मूल संधी मिळाल्यास त्यात आपला अनुभव भरते. येथे कट्सफोर्थ यांचे म्हणणे सर्वस्वी बाद होत नाही, असे प्रस्तुत लेखकास वाटते. घरी, खेळताना, आईशी बोलताना मूल शब्दात अनुभव भरत असते. शाळेत प्रश्न विचारला जातो तेव्हा ते अपेक्षित उत्तर शोधते. फरक मुलाच्या क्षमतेत नसून प्रसंगात आहे.

बोर्डी-कोसबाडचा प्रयोग

मारिया माँटेसरी यांनी रोममध्ये १९०७ साली सुरू केलेल्या बालगृहात इंद्रियशिक्षणासाठी खास साधने तयार केली होती. खरखरीत व गुळगुळीत पट्ट्या, ध्वनीच्या नळकांड्या, गंधाच्या बाटल्या, रंगांच्या छटा ही त्यांतील काही. प्रत्येक साधन एकच गुण वेगळा काढून दाखवते आणि शिक्षिका मोजक्या शब्दांत त्या गुणाचे नाव सांगते. गिजुभाई बधेका यांनी भावनगर येथे १९२० साली बालमंदिर सुरू केले. त्यांच्याबरोबर काम करून ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी ही पद्धत आत्मसात केली. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ मध्ये झाली.

ताराबाईंचे खरे वेगळेपण दिसते ते १९४५ मध्ये त्या बोर्डी येथे गेल्यानंतर. डहाणू तालुक्यातील आदिवासी पाड्यांवर माँटेसरीची महागडी साधने नेणे शक्य नव्हते आणि आवश्यकही नव्हते. शिंपले, बिया, पाने, फुले, खडे, माती हीच तेथील साधने झाली. शाळा पाड्यावर गेली, तिला अंगणवाडी हे नाव मिळाले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शिक्षक कुरणावर गेले, ती कुरणशाळा. पुढे १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर स्थिरावले आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी ते अखेरपर्यंत चालवले. खऱ्या खिडकीकडे बोट दाखवणाऱ्या त्या स्विस मुलाचे म्हणणे येथे आचरणात आलेले दिसते.

या बदलाचा भाषिक अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. माँटेसरीच्या पट्टीवरील खरखरीतपणा हा कोणत्याही देशातील कोणत्याही मुलासाठी सारखाच. त्याला पूर्वायुष्य नाही. मोहाच्या फुलाचा गंध किंवा सागाच्या पानाचा खरबरीतपणा यांना वारली मुलाच्या आयुष्यात आधीच जागा असते आणि त्यांच्यासाठी घरचा शब्दही असतो. त्यामुळे शिक्षकाने शब्द पुरवण्यापूर्वी मुलाकडून शब्द घेण्याची वेळ येते. एलिझाबेथ मेयोच्या काचेच्या पाठात हा संभव नव्हता. तेथे शब्दाचा प्रवास शिक्षकाकडून मुलाकडे असा एकाच दिशेचा होता.

या प्रयोगाचे यश प्रामुख्याने पूर्वप्राथमिक टप्प्यावर राहिले. अंगणवाडी ही संज्ञा १९७५ पासून एकात्मिक बालविकास सेवा योजनेद्वारे देशभर गेली. परंतु बियांचा, पानांचा आणि बोलीचा वर्ग चौथीच्या निबंधापर्यंत पोहोचला नाही. अक्षरओळख झाली की शिंपले पेटीत जातात आणि पाठ्यपुस्तक बाहेर येते.

सर्जनशील लेखनाचे आंदोलन

लेखनाच्या वर्गात इंद्रियानुभव नेण्याचा सर्वांत व्यापक प्रयत्न इंग्लंडमध्ये १९६०च्या दशकात झाला. मार्गारेट लँग्डन यांच्या ‘लेट द चिल्ड्रन राइट’ (१९६१) या पुस्तकात एखाद्या तीव्र, तात्कालिक अनुभवानंतर मुलांनी लगेच, छोट्या-छोट्या ओळींत लिहावे, अशी पद्धत मांडली आहे. यॉर्कशरच्या वेस्ट रायडिंग विभागाचे शिक्षणाधिकारी ॲलेक क्लेग यांनी १९६४ मध्ये आपल्या भागातील मुलांच्या लेखनाचा संग्रह ‘द एक्साइटमेंट ऑफ रायटिंग’ या नावाने प्रसिद्ध केला. त्यात खाणकामगारांच्या वस्तीतील मुलांचे लेखन होते, ही बाब महत्त्वाची. १९६७च्या प्लाउडन अहवालाने मुलांच्या लेखनात झालेल्या या बदलाचे मुक्त कंठाने स्वागत केले.

परंतु पंधरा-वीस वर्षांत पुन्हा तेच झाले. वर्गात जळती मेणबत्ती किंवा शंख ठेवावयाचा, फळ्यावर पाच इंद्रियांचे पाच रकाने आखावयाचे, प्रत्येकात विशेषणे भरावयाची आणि प्रत्येक नामामागे त्यांतील दोन लावावयाची, असा साचा तयार झाला. ऑस्ट्रेलियातील भाषाभ्यासकांनी १९८०च्या दशकात याविरुद्ध एक वेगळाच आक्षेप घेतला. केवळ अनुभववर्णनावर भर दिल्यास श्रमिक व आदिवासी कुटुंबांतील मुले माहितीपर व युक्तिवादपर लेखनापासून वंचित राहतात आणि समाजात सत्ता तर त्याच लेखनप्रकारांची असते, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप गंभीर आहे. तथापि चांगले वर्णन हे युक्तिवादाच्या विरोधी नसते. पिकावरील रोगाची तक्रार लिहिणाऱ्या शेतकऱ्याला पानाचा रंग, डाग आणि वास नेमके सांगता यावे लागतात.

निबंध, बोली आणि मूल्यमापन

मराठीत लहान मुलांच्या भाषेला पाठ्यपुस्तकात मानाचे स्थान देण्याचे श्रेय आचार्य प्र. के. अत्रे (१८९८–१९६९) यांच्या ‘नवयुग वाचनमाले’कडे जाते. लंडनमधून शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आलेल्या अत्र्यांनी १९३०च्या दशकात क्रमिक पुस्तकातील बोजड गद्य दूर सारून मुलांच्या ओठांवरची वाक्ये आणली. १९६७ मध्ये स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे ‘बालभारती’ने, पुढे ही परंपरा आपल्या परीने चालवली. वाचनाची भाषा अशा प्रकारे बदलली. लेखनाची मात्र फारशी बदलली नाही.

‘पावसाळ्यातील एक दिवस’ हा विषय उदाहरणादाखल घेऊ. कोकणातील, मराठवाड्यातील आणि मुंबईच्या चाळीतील पाऊस एकच नव्हे. एकाच्या घरी कौलांवर ताशा वाजतो, दुसऱ्याच्या घरी पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज होतो, तिसऱ्याकडे पाऊस येतच नाही आणि तापलेल्या ढेकळांचा वास तेवढा येतो. तरीही सर्व वह्यांत आकाश काळ्याकुट्ट ढगांनी भरून येते, विजा कडाडतात, धरणी हिरवा शालू नेसते आणि मोर थुईथुई नाचू लागतो. हा निबंध लिहिणाऱ्या बहुसंख्य मुलांनी नाचणारा मोर पाहिलेला नसतो. मार्गदर्शक पुस्तकातील हा मोर आणि कट्सफोर्थ यांच्या अंध विद्यार्थ्यांनी सांगितलेले रंग यांत तत्त्वतः काही अंतर नाही. वरवर पाहता या निबंधात ऐंद्रिय भाषेची रेलचेल आहे. त्यात एकही इंद्रिय मुलाचे नाही.

यावर उपाय म्हणून अधिक विशेषणे शिकवणे निरुपयोगी होय. मराठीची प्रकृतीच पाहिली तर तिची वर्णनशक्ती विशेषणांपेक्षा क्रियापदांत आणि अनुकरणवाचक शब्दांत अधिक आहे. चिंचेचे बोटूक वर्गात आणल्यावर ‘चिंच आंबट असते’ हे वाक्य सर्वच मुले सांगतील, कारण ते त्यांना चिंच न चाखताही ठाऊक आहे. चाखल्यानंतर काय झाले असे विचारले तर दात आंबले, कानशिलात कळ आली, डोळे आपोआप मिटले, तोंडाला पाणी सुटले, टरफल कटकन मोडले, शिरा बोटाला चिकटल्या अशी क्रियापदे येऊ लागतात. ‘कशी आहे?’ या प्रश्नाला विशेषण मिळते, ‘काय झाले?’ आणि ‘कशासारखे?’ या प्रश्नांना वाक्य मिळते. पेस्टालॉझी ते प्लाउडन या साऱ्या काळात पहिलाच प्रश्न अधिक विचारला गेला, हे युरोपीय भाषांतील विशेषणप्रधान वर्णनपरंपरेचे फलित असावे. मराठी शिक्षकाने तो क्रम तसाच उचलण्याचे प्रयोजन नव्हते.

दुसरा प्रश्न बोलीचा आहे आणि तो अधिक नाजूक आहे. मुलाला खरोखर अनुभवातून बोलू दिले की त्याच्या तोंडून अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, वारली किंवा गोंडी शब्द येतो. हाच तो क्षण, ज्यासाठी सारा खटाटोप केला. आणि याच क्षणी लाल शाई त्या शब्दावर फिरते. निबंध तपासताना शुद्धलेखन, हस्ताक्षर, मुद्दे आणि सुविचार यांना गुण असतात. स्वतः पाहिलेल्या, हुंगलेल्या, ऐकलेल्या एखाद्या तपशिलाला स्वतंत्र गुण क्वचितच असतो. त्यामुळे ज्या मुलाची घरची भाषा ऐंद्रिय शब्दांनी सर्वाधिक समृद्ध, त्याचीच वही सर्वाधिक लाल होते. डिकन्सच्या कादंबरीतील सर्कशीच्या मुलीचीच ही गत आहे. कृष्णकुमार यांनी ‘बच्चे की भाषा और अध्यापक’ या १९८०च्या दशकातील पुस्तकात मुलाचे बोलणे हाच भाषाशिक्षणाचा पाया मानला आणि २००५च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाच्या घरच्या भाषेला वर्गातील साधन म्हणून मान्यता दिली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही किमान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेच्या माध्यमाचा आग्रह धरला आहे. धोरणाच्या पातळीवर वाद आता उरलेला नाही.

तो उरला आहे मोजमापाच्या पातळीवर. २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द अर्थ समजून वाचावेत, असे उद्दिष्ट आहे. वाचनाचा वेग महत्त्वाचा आहे आणि तो मोजता येतो. चिंचेविषयीचे वाक्य मोजता येत नाही. १८६२च्या निरीक्षकाचीही अडचण हीच होती. मात्र त्याच्यापुढे नसलेला एक मार्ग आज खुला आहे. आकारिक मूल्यमापनाच्या तरतुदीमुळे वर्षभरातील लेखनाची नोंद वर्गशिक्षकाच्या हाती असते. वर्णनाच्या उताऱ्यात मुलाच्या स्वतःच्या निरीक्षणाचा किमान एक तपशील आहे का, तो त्याने कोणत्या इंद्रियाने टिपला आणि त्यासाठी त्याने घरचा शब्द वापरला असल्यास प्रमाण शब्द त्याच्या शेजारी लिहिला का, खोडून लिहिला का, एवढ्या नोंदी ठेवण्यास कोणत्याही शासननिर्णयाची आवश्यकता नाही. शिक्षक-प्रशिक्षणाच्या पाठ-टाचणात मात्र त्यांच्यासाठी रकाना करावा लागेल; सध्याच्या टाचणात ‘अपेक्षित उत्तर’ असा रकाना असतो आणि तो मुलांनी चिंच चाखण्यापूर्वीच भरावयाचा असतो.